मदत हवी आहे : भावाचे कोडीन आणि झोपेच्या गोळ्या सुरक्षितपणे कशा सोडवाव्यात?

नमस्कार. माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा असून तो दीड वर्षापासून कोडीन असलेले खोकल्याचे औषध पितो आहे, हे गाडीच्या डिकीत रिकाम्या बाटल्या सापडल्या तेव्हा आम्हाला कळले. रोज दोन बाटल्या आणि रात्री अल्प्राझोलमच्या तीन-चार गोळ्या घेतो, असे त्याने स्वतःच रडत रडत सांगितले. त्याला यातून सुटायचे आहे.

वडिलांचे म्हणणे असे की त्याला पंधरा दिवस खोलीत कोंडून ठेवावे, म्हणजे सवय आपोआप मोडेल. तर आई म्हणते, खोकल्याचेच औषध आहे, गांजा-चरस थोडेच घेतो. पण कोडीन हे अफूच्याच कुळातले आहे. यकृत त्याचा काही भाग मॉर्फीनमध्ये बदलते, आणि काहींच्या शरीरात हे इतक्या झपाट्याने होते की साधा डोसही त्यांना जड जातो. त्यात गोळ्यांची भर पडली की झोपेतच श्वास मंदावून थांबू शकतो. म्हणून मी रोज रात्री दोनदा उठून त्याची छाती हलते आहे ना, हे पाहून येते.

मला अधिक धास्ती कोंडून ठेवण्याची वाटते. कोडीन एकदम बंद केल्यावर अंगदुखी, जुलाब, सारख्या जांभया, वाहते नाक, अंगावर काटा आणि उडालेली झोप असे हाल होतात, परंतु एरवी धडधाकट माणसाच्या ते सहसा जिवावर बेतत नाही. गोळ्यांचे मात्र तसे नाही. महिनोन्‌महिने घेतलेले अल्प्राझोलम अचानक थांबवले तर फिट येऊ शकते, त्यामुळे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे थोडे कमी करावे लागते. शिवाय काही आठवडे औषध बंद राहिले की शरीराची सहनशक्ती उतरते, आणि नंतर कधी मोह होऊन त्याने पूर्वीइतकेच घेतले तर तेवढेच प्रमाण जीवघेणे ठरू शकते.

एका खासगी केंद्रात चौकशी केली तेव्हा तीन महिने भरती आणि भेटीला मनाई एवढेच सांगण्यात आले. गोळ्या कोण व कशा कमी करणार, याचे उत्तर मिळाले नाही. तेथे त्याला ठेवण्यास माझे मन तयार नाही.

ज्यांच्या घरी असा प्रसंग येऊन गेला आहे, त्यांनी कृपया सांगावे की केंद्र निवडताना कोणते प्रश्न विचारावेत, आणि ब्युप्रेनॉर्फिनचे (कोडीनसारख्या अफूच्या कुळातील व्यसनावर डॉक्टर देतात ते औषध) उपचार घरी राहून घेता येतात का. पोलिसांत नाव जाईल या भीतीने भाऊ सरकारी रुग्णालयात यायला कचरतो. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यातील कलम ६४अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देते, असे मी त्याला दाखवले. प्रत्यक्षात कोणाला अडचण आली का? १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनचा अनुभवही कळवावा. आणि वडिलांना हा आजार आहे, हट्ट नव्हे, हे कोणी कसे पटवून दिले?