मदत हवी आहे: सावरीच्या कापसाने डिझेल टिपतेय, पण तिसऱ्या खेपेला तो पाणीच पितो

नमस्कार मंडळी,

आमचं गाव रायगडमधल्या एका खाडीवर. बोटींच्या तळात साचलेलं पाणी उपसलं की त्याबरोबर डिझेल, जळकं ऑईल खाडीत जातं आणि ओहोटीला चिखलावर तवंग उरतो. आई त्याच चिखलातून तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) काढते. परवा उकडायला ठेवल्या, झाकण उघडताच घरभर डिझेलचा वास. सगळ्या टाकून दिल्या.

७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं आदळली, शेकडो टन तेल सांडलं, तेव्हा तटरक्षक दल धावून आलं होतं. रोजच्या तवंगासाठी कोण येणार? म्हणून माझी खटपट.

शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेने २०१७ मध्ये वजनाच्या ९० पट तेल घेणारा, पिळून पुन्हा वापरता येणारा स्पंज केला. तो आम्हाला कुठून मिळणार! पण सावरीच्या कापसाचे तंतूही पोकळ आणि मेणचट असतात. बादलीत खाडीचं पाणी घेतलं, वर जळकं ऑईल ओतलं, मूठभर कापूस जुन्या जाळ्यात बांधून सोडला. बघता बघता काळा झाला, खाली पाणी नितळ! मग घट्ट पिळला, भांड्यांच्या पावडरीने धुतला, वाळवला. दुसऱ्या खेपेला तेल निम्मंच घेतलं, तिसऱ्या खेपेला बुडाला.

कापसाने पाणी पिऊ नये म्हणून स्टिअरिक ॲसिड या मेणचट पदार्थाचा थर द्यावा का? आणि तेलकट कापूस टाकायचा कुठे?

प्रतिसाद १

ताई, कापूस चांगलाच आहे, घोळ धुण्यात झालाय. साबणाचा अंश तंतूंवर राहिला की पाणी त्यांना भिजवतं. शिवाय पिळा घातला की पोकळ नळ्या चपट्या होतात, मग तेल मावणार कुठे? दोन फळ्यांमध्ये हलके दाबा, धुऊ नका. थराचं नंतर बघू.

आणखी एक. खाडीत पसरलेला पातळ तवंग टिपणं फार कठीण. कापसाची पिशवी बोटीच्या तळातच ठेवा, म्हणजे पाणी उपसण्याआधीच तेल निघेल. वापरलेला कापूस किनाऱ्यावर जाळू नका, धूर वाईट. झाकणाच्या पिंपात साठवा, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेले लोक जळकं ऑईल नेतात, त्यांना विचारा.

धागाकर्ती

दादा, तळातच ठेवायचं हे सुचलंच नव्हतं! उद्या बाबांच्या बोटीत ठेवते. पिशवी पंपाच्या तोंडाशी अडकू नये म्हणून कुठे बांधू?