पीएचपी ८.३ : कमांड लाइनवर दिसणारे मॉड्यूल वेबवर लोड होत नाही, मदत हवी आहे

नमस्कार. सर्व्हर उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर नेल्यापासून पीएचपी या वेबसाइटच्या प्रोग्रॅमिंग भाषेची ८.१ ऐवजी ८.३ आवृत्ती चालू आहे आणि तेव्हापासून साइटच्या प्रत्येक पानावर 'नंबरफॉर्मॅटर हा क्लास सापडला नाही' एवढाच संदेश येतो. रक्कम आणि तारीख वाचकाच्या भाषेनुसार मांडण्याचे काम आम्ही इंटल या मॉड्यूलकडून करून घेतो, तेव्हा तेच लोड होत नाही हे उघड आहे. गोंधळ असा की, कमांड लाइनवर मॉड्यूल्सची यादी मागितली तर तीत इंटल दिसते आणि तोच क्लास वापरणारी दोन ओळींची स्क्रिप्ट तिथून बिनतक्रार चालते.

एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये उपयोगाचे काही नव्हते. एफपीएमच्या, म्हणजे वेबसाठी पीएचपी चालवणाऱ्या सेवेच्या, लॉगमध्ये मात्र सेवा सुरू होतानाच्या इशाऱ्यांची रांगच सापडली. प्रत्येकाचा आशय एकच : मॉड्यूल एपीआय २०२१०९०२ साठी (हा ८.१ चा मॉड्यूल-जोडणीचा क्रमांक) बांधलेले आहे, पीएचपी एपीआय २०२३०८३१ साठी (हा ८.३ चा), आणि हे दोन्ही जुळायला हवेत. हा इशारा एकट्या इंटलचा नाही, एमबीस्ट्रिंग आणि कर्ल या मॉड्यूल्सचाही आहे.

इंटलचे पॅकेज काढून पुन्हा टाकले, एनजिनएक्स तीनदा रीस्टार्ट केले आणि एफपीएमची पीएचपी.आयएनआय ही सेटिंग्जची फाइल वाचून काढली. तीत एक्स्टेन्शन_डिर ही मॉड्यूल्सचे फोल्डर सांगणारी ओळ अर्धविरामामागे, म्हणजे निष्क्रिय आहे. मॉड्यूल्सचे जुने फोल्डर पुसून पाहण्याचा मोह आवरला आहे, कारण त्याने इशारा बदलेल, मूळ कळणार नाही. वेबकडचे पीएचपी त्या जुन्या फोल्डरात जाते तरी कुणाच्या सांगण्यावरून?

उत्तर : कमांड लाइन आणि एफपीएम यांची आयएनआय फाइल वेगळी असते आणि प्रत्येकाचे अतिरिक्त आयएनआय फाइल्सचे कॉन्फ.डी फोल्डरही वेगळे असते, त्यामुळे एकीकडे चालले म्हणून दुसरीकडे चालेलच असे नाही. मुख्य फाइलनंतर कॉन्फ.डीमधल्या फाइल्स नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि एकच सेटिंग दोनदा आले तर शेवटचे लागू होते. वेबवरून पीएचपीइन्फो हे सगळी सेटिंग्ज दाखवणारे पान उघडून 'वाचलेल्या अतिरिक्त आयएनआय फाइल्स' ही यादी पाहा आणि एफपीएमच्या संपूर्ण फोल्डरात एक्स्टेन्शन_डिर हा शब्द ग्रेप या कमांडने शोधा. आणखी एक, बदल केल्यावर रीस्टार्ट एफपीएम करायचे असते. एनजिनएक्स कितीही वेळा केले तरी मॉड्यूल्सना त्याचा पत्ता लागत नाही.

प्रश्नकर्ता : सापडले, आणि चूक माझीच निघाली. अपग्रेडनंतर ८.१ मधली ९०-लोकल.आयएनआय ही आमची फाइल मी न वाचता ८.३ च्या एफपीएमकडे कॉपी केली होती. तीत मेमरीची मर्यादा, अपलोडची मर्यादा आणि तिसऱ्या ओळीत एक्स्टेन्शन_डिर, २०२१०९०२ च्या पूर्ण मार्गासह. एक मॉड्यूल हाताने कंपाइल केले तेव्हा ती ओळ लिहिल्याचे आता आठवते. ओळ काढून एफपीएम रीस्टार्ट केले, पाने उघडतात. आता एकच इशारा उरला आहे : त्या हाताने केलेल्या मॉड्यूलची फाइल नव्या फोल्डरात सापडत नाही. ती तिकडे कॉपी केली तर चालेल का?

उत्तर : नाही, एपीआयचा तोच इशारा परत येईल. मॉड्यूल्स बांधण्यासाठी लागणारे ८.३ चे डेव्ह पॅकेज टाका, सोर्सच्या फोल्डरात आधीचे बिल्ड साफ करा आणि ८.३ चेच पीएचपीआइझ (बांधणीची तयारी करणारी कमांड) चालवून मॉड्यूल नव्याने बांधा.