मदत हवी आहे : दूध संकलन केंद्राच्या बैठकीत रेडकांविषयी नेमके काय मागावे?

नमस्कार. मी सोलापूर शहरात राहते. गेली काही वर्षे मी दूध, दही, तूप, अंडी आणि मांस यांपैकी काहीही खात नाही. म्हणजे ज्याला आता सगळेच व्हिगन म्हणतात, तसा माझा आहार आहे. माझे आजोळ मोहोळ तालुक्यातील एका गावात असून तेथे मामांचा पंढरपुरी म्हशींचा गोठा आहे आणि सोबत एक-दोन संकरित गाई आहेत. गावातील दूध संकलन केंद्राच्या सभासदांची बैठक पुढच्या महिन्यात आहे. मामींनी पुढाकार घेऊन त्या बैठकीत जनावरांच्या संगोपनावर पंधरा मिनिटे बोलण्याची परवानगी मला मिळवून दिली आहे. समोर बसणारे सगळे दूध उत्पादकच असतील. एवढ्या वेळात मी त्यांच्याकडे नेमकी कोणती गोष्ट मागावी, याविषयी मला सल्ला हवा आहे.

‘दूध काढणे सोडा’ असे मी तेथे म्हणणार नाही आणि त्याचे कारण भिडस्तपणा हे नाही. आपल्या जिल्ह्यातील कोरडवाहू घरांत उसाचे बिल कारखान्याच्या मर्जीने येते, ज्वारी पावसाच्या मर्जीने येते आणि डाळिंबावर तेल्या रोग पडला तर काहीच येत नाही. दर दहा दिवसांनी हमखास हातात पडतो तो फक्त दुधाचा पगार. किराणा, मुलांची फी आणि दवाखाना त्यावर चालतो, आणि बऱ्याच घरांत तो बाईच्या हाती येणारा एकमेव पैसा असतो. त्या माणसांना पर्याय न देता व्यवसाय सोडायला सांगणे मला पटत नाही. मात्र मी स्वतः दूध का घेत नाही, हे लपवून तेथे उभे राहणेही मला पटत नाही.

मला सर्वांत अधिक टोचते ते रेडकांचे. धारेच्या वेळी रेडकाला दाव्यावरून सोडतात, ते धडपडत येऊन कासेला ढुशा मारते, म्हैस पान्हा सोडते आणि सडांत दूध उतरल्याचे दिसताच त्याला गळ्यातल्या दोरीने ओढून पुन्हा खुंट्याला आवळतात. वगार, म्हणजे मादी रेडकू, असेल तर तिच्यासाठी एक सड राखला जातो. नर असेल तर धार संपल्यावर उरलेल्या चार थेंबांवर त्याची बोळवण होते. माती चाटू नये म्हणून तोंडाला मुसके बांधलेले असते. बरगड्या मोजता येतील असे ते रेडकू पावसाळ्याच्या आत मरते आणि ‘हगवणीने गेले’ एवढेच सांगितले जाते. मामा निर्दय नाहीत. म्हैस आजारी पडली तर ते रात्रभर गोठ्यात बसतात. पण नांगरटीला ट्रॅक्टर आल्यापासून रेड्याला काम उरलेले नाही आणि त्याच्या पोटात जाणारे प्रत्येक लिटर पगारातून वजा होते, हा हिशेब गावात कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

रेडकू मेले की पुढचा प्रश्न उभा राहतो. वासरावाचून म्हैस सहजासहजी पान्हवत नाही आणि मग काही गोठ्यांत पान्हा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनची सुई येते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याचे कलम 12 मी वाचले आहे. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्यास अपायकारक अशी सुई देणे हा त्यानुसार दखलपात्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि शिवाय जनावर सरकारजमा. याउलट कलम 11 खाली उपाशी ठेवणे, आखूड दाव्याला सतत बांधून ठेवणे अशा गोष्टींना पहिल्या गुन्ह्यासाठी दहा ते पन्नास रुपये दंड आहे, ज्याची पन्नासची कमाल मर्यादा 1960 नंतर वाढलेलीच नाही. म्हणजे कायद्याचे एक टोक म्हैसच काढून नेणारे आणि दुसरे टोक एका चहाच्या किमतीचे. या दोहोंपैकी कशाचाही उल्लेख बैठकीत करावा की नाही, हे मला ठरवता येत नाही.

गाईंची गोष्ट वेगळी आहे. राज्यात 2015 पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आल्यामुळे संकरित गाईच्या खोंडाला बाजारात गिऱ्हाईक नाही, वशिंड नसल्यामुळे उन्हात औताला त्याचा फारसा उपयोग नाही, आणि परिणामी ते रात्रीतून कुठेतरी सोडून दिले जाते. श्रोत्यांपैकी दोघा-तिघांच्या करारावरच्या ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडही आहेत. तो विषय पंधरा मिनिटांत मावणार नाही, म्हणून मी तो बाजूला ठेवते आहे. पण कोणी काढलाच तर उत्तर काय द्यावे, हेही कृपया सांगावे.

तेव्हा माझी अडचण थोडक्यात अशी आहे की, मागणी शेतकऱ्याला उद्या सकाळी करता येईल इतकी साधी हवी, जनावराला तिचा खरोखर उपयोग व्हायला हवा आणि ती मांडताना मी दुधाच्या धंद्याला प्रमाणपत्र देते आहे असे होता कामा नये. ज्यांनी गावात असे काम केले आहे किंवा ज्यांचा स्वतःचा गोठा आहे, त्यांनी स्पष्ट लिहावे. कठोर लिहिले तरी हरकत नाही.

प्रतिसाद : निवृत्त पशुधन विकास अधिकारी

ताई, कायदा बैठकीत काढू नका. जनावर सरकारजमा होईल हे वाक्य एकदा उच्चारले की पुढची चौदा मिनिटे कोणी ऐकणार नाही आणि सुई देणारा ती अधिक लपवून देईल. सुईचा विषय व्यवहाराने मांडा : वासरू जगले तर सुई लागत नाही.

मागणी दोनच गोष्टींची करा. पहिली म्हणजे चिकाची, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधाची. म्हशीची वार (जार) पडण्याची वाट पाहत रेडकाला तासन्‌तास चीक न पाजणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. गाय-म्हशीच्या पिल्लाला आईच्या पोटात असताना रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती केवळ चिकातून मिळते आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता जन्मानंतर तासागणिक कमी होत जाऊन दिवसाभरात जवळजवळ संपते. म्हणून पहिल्या एक-दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे, खरवस त्यानंतर. दुसरी गोष्ट जंतांची. रेडकांत गोल जंत आईच्या दुधातूनच येतात, त्यामुळे जे रेडकू ‘हगवणीने गेले’ असे तुमचे मामा सांगतात, ते पुष्कळदा जंतांनी आणि उपासमारीने मिळून गेलेले असते. पहिल्या पंधरवड्यातच पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पिपराझिन पाजले तर ही मर बरीच थांबते. खर्च किरकोळ आहे आणि तो नर-मादी दोघांसाठी सारखाच आहे. शेतकरी माती चाटणाऱ्या वासराला मुसके बांधतो. ते माती का चाटते आहे, हे त्याला तेथे विचारा.

जमल्यास उन्हाळ्याचेही बोला. म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी, त्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार. डुंबायला पाणी नसेल तर दुपारी दोनदा अंगावर पाणी मारणे, सावली आणि दिवसभर समोर पिण्याचे पाणी एवढ्याने म्हैस धापायची थांबते. जनावरे न बांधता मोकळी ठेवण्याच्या मुक्त संचार गोठ्याचा खर्च लोक समजतात तितका नसतो. कुंपण, गव्हाण आणि हौद एवढे पुरते, आणि दावी सुटल्यामुळे रोजचे कष्टही कमी होतात.

प्रतिसाद : दूध उत्पादक, सांगोला तालुका

मी एरवी अशा चर्चेत लिहीत नाही. शहरातून येऊन आम्हांला दया शिकवणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. 2019 च्या दुष्काळात आम्ही जनावरांसह चारा छावणीत राहिलो, जनावरांसाठी घर सोडून कडब्याच्या गंजीला टेकून झोपलो. तेव्हा दया कोणाला आहे हे आम्हांला सांगू नये. तरीही या ताईंनी पगाराचा मुद्दा आधी मान्य केला, म्हणून उत्तर देतो.

रेडकाला दूध सोडायचे म्हणजे किती सोडायचे, ते लिटरमध्ये सांगा. ‘पोटभर पाजा’ असे म्हणाल तर लोक हसतील. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके दूध हा आम्हांला माहीत असलेला नियम आहे. म्हणजे तीस किलोच्या रेडकाला दिवसाला तीन लिटर. पंढरपुरी म्हैस दोन्ही वेळचे मिळून सहा-सात लिटर देते, त्यातले निम्मे नर रेडकाला कोण घालेल? दुसऱ्या महिन्यापासून दूध कमी करत भरडा आणि कोवळा चारा यांवर कसे आणायचे हे सांगणार असाल, तर माणसे कान देतील.

कोंबड्यांचे उत्तर सोपे आहे. करारात पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. पाच-सहा आठवड्यांनी पक्षी उचलून नेणार तेही कंपनीच, आणि शेतकऱ्याला किलोमागे वाढणावळ, म्हणजे पक्षी वाढवण्याचा मोबदला, मिळणार. शेडमध्ये पक्षी किती दाट भरायचे हे शेतकरी एकटा ठरवत नाही. तो प्रश्न कंपनीच्या दारात विचारावा, आमच्या नव्हे.

आणि एक सुचवतो. तुम्ही दूध घेत नाही तर काय घेता, हे सांगा. आमच्याकडची मालदांडी ज्वारी, शेंगा आणि हुलगा (कुळीथ) थेट बांधावरून रास्त भावाने घेणारी शंभर घरे शहरात उभी केलीत, तर एखाद्या वर्षी एखादी म्हैस कमी करण्याचा विचार तरी माणूस करू शकेल.

प्रतिसाद : सोलापुरातीलच एक व्हिगन

डॉक्टरसाहेबांच्या सूचना उत्तम आहेत, परंतु त्यांत एक अवघड जागा झाकली जाते आहे आणि ती तुम्ही झाकू नये असे मला वाटते. नर रेडकू जगले तर पुढे त्याचे काय होणार? म्हैसवर्गाला 2015 ची बंदी लागू नाही. तो वर्ष-दोन वर्षांचा झाला की सांगोल्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्या बाजारातून कत्तलीसाठीच जाणार, आणि भाकड म्हशीचेही तेच होते. उपासमारीने मरण्याऐवजी कत्तलीने मरणे, एवढाच बदल आपण मागत असू तर तो बदल म्हणून मागावा. ‘जीव वाचवला’ असे म्हणू नये.

याचा अर्थ मागू नये असा नाही. भुकेचे दोन महिने ही त्या रेडकासाठी खरीखुरी गोष्ट आहे आणि ती टळत असेल तर टाळावी. पण नर जन्मालाच कमी यावेत, हेही त्याच दमात सांगा. सेक्स्ड सीमेन, म्हणजे मादी पिल्ले व्हावीत म्हणून निवडून वेगळे केलेले रेत, वापरून कृत्रिम रेतन केले तर सुमारे नव्वद टक्के पिल्ले मादी होतात आणि शासन त्याला अनुदान देत आले आहे. दूध उत्पादकाला ते फायद्याचे म्हणून हवे आहे, तुम्हांला वेगळ्या कारणासाठी हवे आहे. दोन्ही कारणे उघडपणे सांगायला काय हरकत आहे?

बैठकीनंतर चहा येईल आणि तो दुधाचा असेल. तेथे संकोच करू नका, कोरा चहा मागा. कोणी ना कोणी कारण विचारेलच आणि तुमचे खरे भाषण तेव्हा होईल. पहिला प्रश्न ‘मग ताकद कुठून येते’ हा असतो. प्रौढाला शरीराच्या वजनाच्या किलोमागे दिवसाला सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साधारण 25, हुलग्यात 22 आणि ज्वारीत 10 ग्रॅम असतात. भाकरी, शेंगाचटणी आणि हुलग्याचे माडगे खाणाऱ्या गावाला हे पटवावे लागत नाही. बी-12 मात्र वनस्पतीतून भरवशाने मिळत नाही, त्याची गोळी घ्यावी लागते, हे न विचारताच सांगा. ते लपवणाऱ्यांमुळे आपल्या बाकीच्या म्हणण्यावरचा विश्वास जातो. घरात कोणी मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असेल तर त्याने बी-12 तपासून घ्यावे, हेही सांगता येईल.

मूळ लेखिका

सर्वांचे मनापासून आभार. चीक पहिल्या दोन तासांत, पंधरवड्याच्या आत जंतनाशक आणि दुधावरून चाऱ्यावर आणण्याचे लिटरमधले वेळापत्रक, एवढेच मी मागणार आहे. सुईविषयी डॉक्टरसाहेबांनी सांगितले तसेच बोलेन. कलम 12 मात्र मामांना घरी वेगळे सांगेन, कारण त्यांनी ते दुसऱ्याकडून ऐकावे असे मला वाटत नाही. नर रेडके शेवटी कुठे जातात, हे मी एका वाक्यात का होईना, बोलणार आहे. बांधावरून ज्वारी आणि शेंगा घेण्याचे आमच्या कॉलनीत विचारून पाहते. शंभर घरे होतील असे आज म्हणवत नाही, दहा-बारा होतील.

एक गोष्ट अजून हवी आहे. मुऱ्हा जातीचे सेक्स्ड सीमेन मिळते असे मामा सांगतात, पण त्यांना गोठ्यात पंढरपुरीच ठेवायची आहे, कारण ती कमी चाऱ्यावर आणि आपल्या उन्हात टिकते. पंढरपुरी जातीच्या अशा रेतमात्रा मोहोळ किंवा पंढरपूर तालुक्यातील एखाद्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सध्या मिळतात का, आणि मिळत असल्यास एका मात्रेला शेतकऱ्याला किती पैसे भरावे लागतात, हे कोणाला ठाऊक असल्यास बैठकीपूर्वी येथे लिहावे.