प्रतिसाद: येरळवाडीचे करकोचे

वर एकांनी सातारा जिल्ह्यातल्या येरळवाडी तलावावर 'मोठा क्रौंच' (कॉमन क्रेन जातीचा करकोचा) दिसल्याचं लिहिलंय, पण फोटो नाही. तो कांड्या करकोचा (त्याहून लहान डेमॉइझेल क्रेन) नव्हता ना, हे आधी बघा. कांड्याच्या डोळ्यामागे पांढऱ्या पिसांचा तुरा असतो आणि गळ्याची काळी पिसं छातीखाली लोंबतात. मोठ्या क्रौंचाला तुरा नसतो, डोक्यावर लाल चट्टा असतो. आपल्या भागात कांड्या नेहमीचा, दुसरा दुर्मीळ. म्हणून फोटो हवाच, धूसर असला तरी चालेल.

ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) दुर्मीळ नोंदीची तपासणी होते. तिथं फक्त 'पाहिला' लिहून भागत नाही. तारीख, वेळ, अंतर, संख्या आणि कोणत्या खुणांवरून ओळखला ते लिहा. पट्टकदंबांच्या (डोक्यावर काळे पट्टे असलेल्या हंसांच्या, बार-हेडेड गूज) थव्यात मान आणि पाय दुर्बिणीनं नीट बघा. अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेला पट्टा किंवा कडं असेल तर रंग, अक्षरं आणि डावा पाय की उजवा, हे टिपून बीएनएचएसला (मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) कळवा. एवढ्यावरून हिमालय ओलांडून आलेल्या त्या पक्ष्याचा माग लागू शकतो!

जवळच्या मायणी तलावावर काही दिसलं नाही तरी तेही नोंदवा. आणि कृपया, थवा विसावलेला असताना नेमकी जागा व्हॉट्सअॅपवर टाकू नका. ते वाचून गाड्या थेट काठापर्यंत येतात.