कर्ट कोबेन: वह्या घ्याव्यात की चरित्र? (बजेट ८००)

प्राजक्ता_नाशिक
नमस्कार मंडळी. भाचा अकरावीत आहे, गिटार शिकतोय, घरात दिवसभर निर्वाणा हा बँड. वाढदिवसाला त्या बँडचा गायक कर्ट कोबेन याच्यावरचं पुस्तक द्यायचंय. दोन दिसली: 'जर्नल्स', म्हणजे त्याच्या स्वतःच्या वह्या, आणि चार्ल्स क्रॉसने लिहिलेलं चरित्र 'हेवियर दॅन हेवन'. मला या संगीतातलं ओ की ठो कळत नाही. बजेट ८००, फार तर ८५०. माणूस २७ व्या वर्षी जीव देऊन गेला म्हणून ताई जरा धास्तावली आहे. कोणतं घेऊ?

रिकामटेकडा
जर्नल्सच, आणि तेही हार्डकव्हर. माझ्याकडे २००२ ची अमेरिकन प्रत आहे, मित्राने सिअ‍ॅटलहून आणलेली. वहीचं पान जसंच्या तसं छापलंय. खाडाखोड, चित्रं, बँडच्या नावांच्या याद्या, मेल्विन्स या बँडच्या डेल क्रोव्हरला लिहिलेली पत्रं, सगळं त्याच्याच अक्षरात. पेपरबॅक म्हणजे पैसे पाण्यात.

प्राजक्ता_नाशिक
हार्डकव्हर ८०० मध्ये येईल का?

रिकामटेकडा
छे! पण अशी वस्तू एकदाच घेतो माणूस.

कोल्हापुरी_बास
फूटपाथवरून घेऊ नका, एवढंच सांगतो. मी घेतलेली प्रत झेरॉक्सवरून छापलेली निघाली. आधीच त्याचं अक्षर तसलं, त्यात निम्मी पानं नुसती करडी. दुकानदार म्हणतो, "ओरिजिनलच आहे, तो असंच लिहायचा."

सदाशिवपेठी
मुळात मेलेल्या माणसाची खासगी वही छापणं हाच अगोचरपणा आहे. पैशासाठी केलेला उद्योग. मी हातही लावणार नाही.

मुळाक्षर
हात लावला असता तर कळलं असतं की पुस्तक उघडतं तेच या विषयाने. आधी म्हणतो, मी गेल्यावर माझी डायरी वाचू नका. लगेच खाली म्हणतो, मी कामाला जातोय, उठलीस की वाच आणि मी कसा आहे ते शोध. आता यातलं कोणतं ऐकायचं?

सदाशिवपेठी
पहिलं.

इंद्रायणीकाठ
त्या न्यायाने पाण्यातून वर आलेली गाथाही परत बुडवावी लागेल. (हलके घ्या)

सदाशिवपेठी
तुकोबांची तुलना या गर्दुल्ल्याशी?? धन्य आहे.

इंद्रायणीकाठ
तुलना वह्यांची केली हो, माणसांची नाही. आणि गर्दुल्ला म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्या वह्यांत पोटदुखीबद्दल किती लिहिलंय ते बघा. वर्षानुवर्षं दुखायचं, डॉक्टरांना कारण सापडेना. हेरॉइनने ते थांबतं असं तो स्वतःच सांगायचा. ते खरं किती आणि सबब किती, यावर चरित्रकार अजून भांडतात.

रॉकआजोबा
+१ हार्डकव्हर.

मुळाक्षर
प्राजक्ताताई, मूळ प्रश्नाचं उत्तर देतो. नुसत्या वह्या दिल्यात तर पोराला संदर्भ लागणार नाही. बहुतेक पानांवर तारीख नाही, पत्रं तर पाठवली की नाही तेही कळत नाही. क्रॉस हा सिअ‍ॅटलच्याच 'द रॉकेट' या संगीतपत्राचा संपादक होता, त्याने चारशेच्या वर मुलाखती घेतल्या. आधी ते चरित्र, मग वह्या. मात्र शेवटच्या दिवसाचं प्रकरण त्याने कल्पनेने रंगवलंय. तेव्हा तिथे दुसरं कोणीच नव्हतं, तरी कर्ट काय करत होता ते सगळं लिहिलंय. ताईंना खटकेल ते तेच प्रकरण.

कोल्हापुरी_बास
मायकेल अ‍ॅझेराडचं 'कम अ‍ॅज यू आर' कोणी सुचवलं नाही? १९९३ चं आहे, कर्ट जिवंत असताना त्याच्याशी तासन्‌तास बोलून लिहिलेलं. बँड, गाणी, अ‍ॅबरडीनसारखं त्याचं लाकूडतोड्यांचं गाव, सगळं आहे त्यात. तो पुलाखाली राहायचा तेही.

मुळाक्षर
राहत नव्हता. विशकाह नदीला तिथे भरती-ओहोटी आहे, चिखलात कोण झोपणार? हे खुद्द निर्वाणाचा बासिस्ट क्रिस्ट नोवोसेलिक यानेच सांगितलंय. क्रॉसच्या म्हणण्यानुसार तो कोणाच्या तरी इमारतीच्या जिन्यात नाहीतर हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये झोपायचा. ज्या हॉस्पिटलात जन्मला, त्याच. पुलाची गोष्ट त्याने मुलाखतकारांना रंगवून सांगितली आणि ती चालली.

कोल्हापुरी_बास
गाणं आहे ना त्यावर. खोटं गाणं लिहील का माणूस?

मुळाक्षर
😐

शाळाताई
मी कॉलेजात समुपदेशक आहे. पुस्तक कोणतंही द्या, पण ताईंना सांगा, पुस्तक लपवून काही साधत नाही. शेवटाबद्दल त्याच्याशी सरळ बोला, विषय काढल्याने मुलाच्या डोक्यात काही भरत नाही. आणि गाणी ऐकतो म्हणून घाबरू नका. झोप, जेवण, मित्र यांत फरक पडला तर मात्र लक्ष द्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २४ तास चालू असतो, मराठीतही बोलतात. घरच्यांनीही फोन केला तर चालतो.

रॉकआजोबा
आमच्या वेळी हे नंबर नव्हते. लेड झेपेलिन ऐकलं आणि बँकेत लागलो.

इंद्रायणीकाठ
अजून एक. वह्यांमध्ये त्याच्या आवडत्या पन्नास अल्बमची हाताने लिहिलेली यादी आहे. वर इगी आणि स्टूजेसचा 'रॉ पॉवर', पुढे व्हॅसलिन्स, शॅग्ज, बीटल्स, लेडबेली. गिटार शिकणाऱ्या पोराला चरित्रापेक्षा ती यादी जास्त कामाची. एक ऐकून दुसऱ्याकडे जाईल आणि नुसत्या निर्वाणावर अडकणार नाही.

सदाशिवपेठी
यादी नेटवर फुकट मिळते. ८०० रुपये वाचले.

प्राजक्ता_नाशिक
सगळ्यांचे आभार. शेवटी भाच्यालाच विचारलं. साहेबांनी क्रॉस मित्राकडून आणून वाचलंय, अ‍ॅझेराडही वाचलंय, वह्या पीडीएफमध्ये पाहिल्यात आणि यादीतले निम्मे अल्बम ऐकून झालेत. म्हणाला, "मावशी, पुस्तक नको, तारा दे. आणि ट्यूनर." दोन्ही मिळून ८०० च्या आत बसलं. ताईला शाळाताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती रविवारी त्याच्यासोबत निर्वाणाचा एमटीव्हीवरचा 'अनप्लग्ड' कार्यक्रम बघायला बसली. तिला ते शेवटचं लेडबेलीचं गाणं आवडलं, बाकी आवाज फार म्हणाली. जर्नल्सची पेपरबॅक मी माझ्यासाठी मागवली आहे.

रिकामटेकडा
पेपरबॅक?!

कोल्हापुरी_बास
तारा कोणत्या घेतल्या? ०.००९ इंच जाडीच्या घेतल्या असतील तर दोन महिन्यांत तुटतील, ०.०१० घ्यायला हव्या होत्या.