अचानक ठरलेला एका रात्रीचा मुक्काम : तुमचेही अनुभव लिहा

कर्जतकरीण
काल माळा आवरताना निळी ताडपत्री हाताला लागली. घडी मोडली तर आतून मूठभर तांबूस माती फरशीवर सांडली आणि मी झाडू हातात धरून तिथेच बसले. ती राजमाची किल्ल्यावरची माती. दुसरीकडची असूच शकत नाही, कारण ती ताडपत्री आम्ही एकदाच बाहेर नेली होती.

२००३ सालचा जून, पहिला आठवडा, शनिवार. बाबा रेल्वेत होते. सकाळची पाळी करून आले, जेवले आणि हात पुसत म्हणाले, "राजमाची आपण रोज इथून बघतो. चल, आज तिथून घर बघू." आई म्हणाली आभाळ आलंय. म्हणून ताडपत्री. दोन चादरी, पोळ्या, लसणीची चटणी, एक विजेरी. दोन वाजता घर सोडलं. कोंदिवडे, कोंढाणे लेणी, पुढे ती छातीवर येणारी चढण. उधेवाडीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गावात विचारून भैरवनाथाच्या देवळाच्या ओसरीला पथारी टाकली.

श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले मी लहानपणापासून लांबून जोडीने बघत आलेली. त्या रात्री मी त्यांच्या मधोमध झोपले होते. समोर घाटात रेल्वेगाड्यांचे दिवे सरकत होते. बाबा सांगत होते, "ही जांबरुंगला आली. आता ठाकूरवाडी. आता बोगद्यात जाईल बघ." आणि दिवे जायचे. वारा आमच्याकडे असला की गाडीला मागून ढकलणाऱ्या बँकर इंजिनांची घरघर यायची. कर्जतला बँकर लागतात हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं, पण कर्जत सोडल्यावर गाडी नेमकी कुठून कशी चढते ते मी पहिल्यांदा पाहिलं.

काजवे पण होते. एका सादड्यावरचे सगळे एकदम विझायचे, पुरता काळोख, मग खालच्या फांदीपासून उजेड वर चढत जायचा.

दोनच्या सुमारास पाऊस आला. ओसरीत झड येत होती, बाबा ताडपत्रीची कड धरून उजाडेपर्यंत बसून राहिले. सकाळी सगळी दरी ढगाने भरलेली. घर काही दिसलं नाही. "परत येऊ," म्हणाले. मग राहूनच गेलं. बाबांना जाऊन चार वर्षं झाली.

आपल्याच मुलखात असे न ठरवता केलेले मुक्काम तुमचेही असतील. लिहा ना. माती अजून उचललेली नाही.

रानवाट
उधेवाडी!! आम्ही लोणावळ्याकडून चालत जायचो, पंधरा-सोळा किलोमीटर, रात्रभर चाल. त्या वाटेने चढ कमी पण संपता संपत नाही. माती उचलू नकोस गं एवढ्यात.

सुरूचं बन
आमचा अनुभव गुहागरकडचा. मुंबईहून भाऊ आलेला, जेवणं झाल्यावर म्हणाला किनाऱ्यावर झोपू. माझा तंबू होताच. रात्री नऊला गेलो, पाणी इतकं आत की पायाखाली कडक ओली वाळू लांबच लांब. तिथेच लावला. आजी निघताना विचारत होती आज तिथी काय रे, आम्ही ऐकून सोडून दिलं.

चतुर्थी होती. कोकणातला हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो पूर्ण भरतीचा तास. चार पाऊण तीन. बरोब्बर तीनला पाण्याची जीभ तंबूच्या दारातून आत आली. भावाची चप्पल गेली ती गेलीच. घटकाभर इकडेतिकडे होतं, गावागणिक फरक पडतो, पण अंदाजाला हा हिशोब फार कामाचा. दुसरी खूण म्हणजे काटक्या, शिंपले, वाळलेलं शेवाळ यांची जी रेघ किनाऱ्यावर असते ती मागच्या भरतीची. तिच्याही वर, सुरूच्या झाडांजवळ झोपायचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा आणखी वर. आणि कोरड्या वाळूत खुंट्या धरत नाहीत. पिशवीत वाळू भरायची, दोरी तिला बांधायची आणि पिशवी आडवी पुरायची.

ओले होऊन पहाटे घरी आलो तर आजीने न बोलता चुलीवर पाणी तापत ठेवलेलं. तिने तिथी बघितली होती.

कर्जतकरीण
आजी 🙏

मधली सुट्टी
धाग्याशी संबंध नाही पण कर्जतला बँकर लागेपर्यंत खाली उतरून वडा घ्यायचा आणि गाडी हलली की पळत चढायचं हे आठवलं.

जुना डबा
@मधली सुट्टी बँकर उतरताना पण असतात, तेव्हा रोखून धरायला. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. माझे आजोबा ठाकूरवाडीला कामाला होते, त्यांना भेटायला जायचो. रात्री समोर राजमाचीवर एखादा बारीक दिवा दिसायचा. कोण राहत असेल तिथे, असं वाटायचं. आज कळलं.

कर्जतकरीण
@जुना डबा अंगावर काटा आला. आमची विजेरी असेल एखादे दिवशी.

जोंधळा
आमच्याकडं लातूर भागात गड नाहीत घाट नाहीत. पण जागल आहे. डिसेंबरात जोंधळा हुरड्यात आला की रानडुकरं येतात, रात्री कुणीतरी शेतात थांबावं लागतं. एका वर्षी काका आजारी, संध्याकाळी सहाला मला सांगितलं तू जा. मी पुण्यात शिकायला, सुट्टीला आलेलो. घोंगडी, बॅटरी, पत्र्याचा डबा वाजवायला. चार लाकडांची माची, जमिनीपासून पुरुषभर वर.

थंडी अशी की दात वाजत होते. डुकरं आलीच नाहीत. पण बाराच्या पुढं आभाळातून एकेक रेघ पडाय लागली. आधी वाटलं डोळ्याला थकवा. मोजायला लागलो, चाळीसला सोडून दिलं. नंतर कॉलेजात कळलं की १३-१४ डिसेंबरला मिथुन राशीतून उल्का पडतात. मृग डोक्यावर, खाली व्याध लखलखीत. आमच्या रानात वीस वर्षं गेलो येलो, त्या रानावर एवढं आभाळ आहे हे तेव्हा बघितलं. आता दरवर्षी त्या तारखेला जातो. जोंधळा नसला तरी.

पाणकोंबडी
@जोंधळा हुरड्याला बोलवा 😄

जोंधळा
या की. लसूण चटणी अन् दही आमच्याकडं.

दोघी
आम्ही दोघी मैत्रिणी, सुधागड. पालीला गणपतीचं दर्शन घेऊन परत फिरायचं एवढंच ठरलेलं, साध्या सुती साड्या, पायात बऱ्या सपाता. गड समोर दिसत होता. खालच्या वाडीत एका मावशींनी विचारलं राहणार का वर, पंतसचिवांच्या वाड्यात लोक राहतात की. त्यांनीच दोन गोधड्या आणि भाकऱ्या बांधून दिल्या, आणि मुलगा सोबत पाठवला. वाड्याच्या चौकात आणखी एक कुटुंब उतरलं होतं, त्यांच्या चुलीवर आमचा चहा झाला. रात्री भोराईच्या देवळाकडून घंटेचा आवाज आला, वाऱ्याने. मैत्रीण घाबरली, मी तिचा हात धरून झोपले. दुसऱ्या दिवशी गोधड्या परत करायला गेलो तर मावशी पैसे घेईनात.

नवी पायरी
बायकांनी असं अचानक राहणं सुरक्षित वाटतं का? खरंच विचारतेय, मला फार इच्छा आहे.

दोघी
गावात नाव सांगून जायचं. कोणाकडे उतरलो, कधी खाली येणार, हे एका घरी तरी माहीत हवं. गावाला माहीत असलं की मला तरी धास्ती वाटत नाही. अगदी निर्जन जागी आम्ही दोघीच नाही राहत.

कातळ
हरिश्चंद्रगडावर गेल्या वर्षी कोकणकड्याजवळ शनिवारी रात्री इतके तंबू की पाय ठेवायला जागा नाही, एका गटाने स्पीकर लावलेला. पहाटे सगळे गेल्यावर कड्यावर थर्माकोलच्या पत्रावळ्या. आम्ही तिघांनी दोन पोती भरून पाचनईला उतरवली. फार वाईट वाटलं. त्या कड्यावर नशीब असेल तर धुक्यात गोल इंद्रवज्र दिसतं, मध्ये आपलीच सावली. माणसं तेवढा वेळ तरी गप्प बसतील ना.

आता मी आठवड्याच्या मधल्या वारी जातो. बुधवारी केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात पिंडीला फेरी मारली, दुसरं कोणी नव्हतं.

तंबूवाल्यांसाठी एक: थंडीला घाबरून सगळ्या चेन बंद करू नका. आपल्याच श्वासाची वाफ आत धरते आणि पहाटे तोंडावर ठिबकते. वरची झडप उघडी ठेवा. आणि अगदी खोलगट जागी झोपू नका, रात्री गार हवा उतरून तिथेच साचते. थोडं वर सरकलं तरी फरक पडतो.

पाणकोंबडी
आणि कड्यावर आग्या मोहोळ असेल तर खाली शेकोटी नको. धूर गेला की संपलं. अत्तर, डिओ पण नको.

सुरूचं बन
आमच्याकडे कासवांचे किनारे आहेत, वेळास वगैरे. हंगामात तिथे तंबू आणि दिवे दोन्ही नकोत. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्र चुकतात.

रानवाट
काजव्यांचंही तेच. नर चमकून मादीला बोलावतो, आपण विजेरी मारली की त्यांचं बोलणं तुटतं. विजेरीवर लाल जिलेटीन लावा, जमिनीकडे धरा. भंडारदऱ्याकडे काजव्यांच्या दिवसांत गाड्यांचेच दिवे जास्त असतात, तिथे वनखात्याचे नियम विचारून जा. वासोट्याला तर मुक्काम चालतच नाही, संध्याकाळच्या आत बामणोलीला परत यावं लागतं.

नवी पायरी
माझा मुलगा पाच वर्षांचा. त्याला घेऊन कुठून सुरुवात करू?

जुना डबा
गच्चीवरून. आमच्या नातीला पहिल्यांदा गच्चीवर मच्छरदाणीत झोपवलं. रात्री तीनला उठून विचारते, चंद्र तिकडे होता ना, इकडे कसा आला?

कर्जतकरीण
सगळं वाचलं, स्वयंपाक करता करता, आमटी उतू गेली. लेकीला मातीची गोष्ट सांगितली. ती म्हणते मग आपण बघून येऊ ना घर दिसतं का. माझे गुडघे आता कोंदिवड्याची चढण मानतील का माहीत नाही.

रानवाट
लोणावळ्याकडून जीप मिळते गावापर्यंत, पावसाळ्यात वाट चिखलाची असते. गुडघ्यांना ती बरी. पण घर बघायचं तर पाऊस संपल्यावर जा, नोव्हेंबरात. सकाळी उशिरापर्यंत दरीत धुकं असतं, नऊ-साडेनऊला विरतं. घाई करून खाली येऊ नका.

कर्जतकरीण
नऊ-साडेनऊ. आम्ही त्या दिवशी सातला उतरायला लागलो होतो. बाबांची दुपारची पाळी होती.

जुना डबा
जाल त्या रात्री ठाकूरवाडीच्या बाजूला विजेरी दाखवा. मी आता तिथे नाही, पण दाखवा.

मधली सुट्टी
आणि येताना वडा.