अनुभव धागा: दवाखान्याचं बिल, सरकारी योजना आणि पहिल्या दिवसाची कागदपत्रं

नाशिकमध्ये घरटी कुणी ना कुणी दवाखान्याच्या बिलाशी झुंजतंय. योजना वाढल्या, रकमा वाढल्या, तरी डिस्चार्जच्या दिवशी सोनं गहाण पडतंच. या धाग्यात रोजच्या कामात हे बघणाऱ्यांनी लिहावं: योजनेचा टेबल, विम्याचा दावा, मेडिकल, धर्मादाय रुग्णालय, कारखाना. रुग्णालयांची नावं आणि कुणाच्या घरची हकीकत नको. कुठला कागद, कधी, कुणाकडे आणि काम कुठे अडतं, एवढं नेमकं सांगा.

आरोग्यमित्र, नाशिक

मी रुग्णालयातल्या योजनेच्या टेबलावर बसतो. महात्मा फुले जनआरोग्य या मोफत उपचाराच्या सरकारी योजनेपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिच्याबद्दल आहेत. 2012 साली ती राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत आली, 2017 मध्ये नाव बदललं. तेव्हा पिवळं-केशरी कार्ड आणि वर्षाला दीड लाख अशी मर्यादा होती. जुलै 2023 च्या निर्णयाने पांढरं कार्डही आत आलं आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाख झाले. प्रत्यक्षात हे 1 जुलै 2024 पासून लागू झालं. तरीही ‘आमचं कार्ड पांढरं, आम्हाला काय मिळणार’ म्हणत लोक टेबलाजवळून पुढे जातात. तसं जाऊ नका.

लागतं काय? रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र. अडतं ते नावावर. कार्डावर ‘रखमाबाई’ आणि आधारवर ‘रुख्मिणी’ असेल तर नोंदणी तिथेच थांबते. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी केलेलं नसतं आणि सासरच्या कार्डात चढलेलं नसतं. हे काम तहसील कचेरीत किंवा शहरात धान्य वितरण कार्यालयात होतं, आणि रुग्ण आयसीयूत असताना ते एका दिवसात होत नाही. बाळाचं नाव कार्डात नसेल तर जन्मदाखला, आईवडिलांपैकी एकासोबतचा फोटो आणि त्यांचं रेशनकार्ड चालतं.

निफाड-दिंडोरीत द्राक्षछाटणीला आलेली कुटुंबं कार्ड गावी पेटीत ठेवून येतात. कार्ड महाराष्ट्रातल्या दुसऱ्या जिल्ह्याचं असलं तरी योजना इथे चालते. म्हणून कार्डाच्या सगळ्या पानांचा फोटो मोबाइलमध्ये हवाच. तातडीच्या रुग्णाची फोनवरून नोंद करता येते, मग कागद द्यायला 72 तास मिळतात. हे 72 तास मोजूनच असतात.

योजनेच्या पॅकेजमध्ये, म्हणजे उपचारासाठी ठरवून दिलेल्या रकमेत, तपासण्या, ऑपरेशन, औषधं, जेवण, घरी जायचं एकदाचं भाडं आणि डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची फेरतपासणी हे सगळं येतं. ‘योजनेत बसवतो, पण वरचे चाळीस हजार भरा’ असं कुणी म्हणालं तर पैसे देण्याआधी 155388 वर फोन करा. पैसे दिलेच असतील तर पावती मागा. पावतीशिवाय तक्रार उभी राहत नाही.

घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असेल तर आयुष्मान वय वंदना हे ज्येष्ठांच्या मोफत उपचाराचं सरकारी कार्ड आजच काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं. ऑक्टोबर 2024 पासून सुरू आहे आणि खासगी विमा असला तरी मिळतं.

दाव्यांच्या टेबलावरून

मेडिक्लेममध्ये माणूस सगळ्यात जास्त पैसे खोली निवडताना गमावतो. आकडे मांडून दाखवतो.

पॉलिसी 3 लाखांची, खोलीची मर्यादा 1 टक्का, म्हणजे दिवसाला 3,000. नातेवाईक म्हणतात, वरचे दोन हजार आपण भरू, एसी खोली घेऊ. खोली 5,000 ची, मुक्काम पाच दिवस. बिल असं येतं: खोली 25,000, सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर आणि व्हिजिट मिळून 80,000, औषधं, तपासण्या, इम्प्लांट 65,000, हातमोजे, कागदपत्रं वगैरे न मिळणाऱ्या वस्तू 6,000. एकूण 1,76,000.

घरचे धरून चालतात की आपल्याला खोलीचे दहा हजार आणि वरचे सहा भरायचे. कंपनी मात्र तीन भागिले पाच, म्हणजे 60 टक्के, हे प्रमाण सर्जन-थिएटरच्या रकमेलाही लावते. तिथे 80,000 चे 48,000 होतात. खोलीचे 15,000 आणि औषध-तपासणीचे पूर्ण 65,000 धरून मंजूर होतात 1,28,000. खिशातून गेले 48,000, आणि त्यातले 42,000 केवळ खोली बदलल्यामुळे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूला हे प्रमाण लावता येत नाही. कुणी लावलं असेल तर लेखी हरकत घ्या. आणि ज्या रुग्णालयात खोलीप्रमाणे बाकीचे दर बदलत नाहीत, तिथेही ही कपात करता येत नाही. तसं पत्र रुग्णालयाच्या बिलिंगमधून घेऊन दाव्याला जोडा. हे पत्र जवळजवळ कुणीच मागत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

कॅशलेसची (कंपनी बिल थेट रुग्णालयाला देते त्याची) पहिली मंजुरी तासाभरात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची, असा विमा नियामकाचा (आयआरडीएआय) 2024 चा नियम आहे. उशिरामुळे रुग्णालयाने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. म्हणून डिस्चार्जची विनंती किती वाजता गेली, ती वेळ बिलिंगकडून लिहून घ्या.

जुना आजार लपवू नका. आधीच्या आजारासाठीची थांबण्याची मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, आणि पाच वर्षं पॉलिसी सलग चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय जुन्या माहितीवरून दावा नाकारता येत नाही. अॅडमिशनच्या कागदावर शिकाऊ डॉक्टर ‘शुगर दहा वर्षांपासून’ असं घाईत लिहून जातो आणि पुढे सगळा दावा त्या एका ओळीवर अडतो. ती ओळ तिथेच वाचा. चूक असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांच्या सहीने दुरुस्त करून घ्या. डिस्चार्जनंतरची दुरुस्ती संशयाने बघितली जाते.

मेनरोडचा हिशेबनीस

वरच्या दादांच्या हिशेबाला जोडून. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एक) आरोग्य पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेला. ग्रुप पॉलिसीवर (कारखाना वगैरे आपल्या लोकांसाठी काढतो ती) तो आहे. ही मागणी जुनी होती. 2024 च्या जुलैमध्ये खुद्द केंद्रातले मंत्री नितीन गडकरींनी अर्थमंत्र्यांना तसं पत्र लिहिलं, तेव्हा ती चर्चेत आली. पण कर गेला म्हणून मूळ हप्ता वाढणं थांबत नाही. नूतनीकरणाची नोटीस आली की करासकटची रक्कम बघू नका, मागच्या वर्षीचा मूळ हप्ता आणि यंदाचा मूळ हप्ता शेजारी ठेवून बघा. ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करायची तर कंपनीला आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागते; हा जानेवारी 2025 चा आदेश आहे. कंपनी बदलायची असेल तर मुदत संपायच्या किमान 45 दिवस आधी अर्ज करा.

समाजसेवा विभाग

धर्मादाय रुग्णालयांबद्दल. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयात 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातलं कलम 41 कक आणि 2006 ची उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना, हा त्याचा आधार. वार्षिक उत्पन्न 1,80,000 पर्यंत असेल तर निर्धन, 3,60,000 पर्यंत असेल तर दुर्बल. पैसा येतो कुठून? बाकीच्या रुग्णांच्या बिलातून 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत जाते, त्यातून.

‘खाटा भरल्यात’ हे उत्तर मिळालं तर वॉर्डात वाद घालू नका. वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि धर्मादाय सहआयुक्त कार्यालयाला कळवा. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला त्याच दिवशी हातात पडत नाही, म्हणून घरात मोठा आजार असेल तर सेतू केंद्रातून तो आधीच काढून ठेवा. अर्ज अंतिम बिल तयार होण्याआधी गेला पाहिजे. बिल भरून झालं की सवलत मागायला जागा उरत नाही.

मेडिकलवाला, सिडको

रुग्णालयातल्याच मेडिकलमधून औषध घ्या अशी सक्ती कुणाला करता येत नाही. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव मागा आणि तेच जनऔषधी केंद्रात दाखवा. बीपी, शुगर, थायरॉइडच्या रोजच्या गोळ्यांत महिन्याचा फरक ठळक दिसतो. किंमत नियंत्रणात नसलेल्या औषधाची एमआरपी कंपनीला वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाढवता येते, त्यामुळे तीन वर्षं तोच ब्रँड घेणाऱ्याने एकदा जुनी पावती काढून बघावी.

न वापरलेली औषधं डिस्चार्जच्या आदल्या दिवशी परत करा. पट्टीवरचा बॅच नंबर पावतीशी जुळला पाहिजे. कापलेल्या पट्टीवर बॅच उरला नसेल तर ती परत होत नाही. फ्रिजमधली इंजेक्शनंही परत होत नाहीत, म्हणून ती रोजच्या रोज मागवा.

स्टेंटचं, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात त्या जाळीच्या नळीचं, सांगतो. खोक्यावर नाव, साइज, सीरियल नंबर आणि एमआरपी असलेलं स्टिकर असतं. एक स्टिकर केसपेपरवर चिकटवतात, एक बिलाला लागतं. दोन्हीवरचा सीरियल नंबर सारखा आहे का ते बघा आणि फोटो काढा. फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत 29,600 ठरवली, त्याआधी तोच लाखाच्या वर जायचा. ती मर्यादा आता महागाई निर्देशांकाप्रमाणे वर सरकली आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यावरही मर्यादा आली. किंमत नियंत्रणाचा इतका थेट फायदा रुग्णाला क्वचितच झालाय.

सातपूर, दुसरी पाळी

ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) महिन्याच्या पगाराची मर्यादा 2017 पासून 21,000 वर अडकली आहे. पगारवाढीत माणूस 21,200 वर गेला की योगदान-कालावधी संपल्यावर बाहेर पडतो. एप्रिल ते सप्टेंबर हा एक कालावधी, ऑक्टोबर ते मार्च दुसरा. बढतीचं पत्र ऑक्टोबरच्या तोंडावर आलं तर एचआरला आधीच विचारा की ग्रुप मेडिक्लेम कधीपासून लागू होणार. मधल्या महिन्यांत कुटुंब उघड्यावर पडता कामा नये. आजारपणाचा भत्ता मिळायला सहा महिन्यांच्या कालावधीत 78 दिवसांचं योगदान लागतं. ठेकेदार बदलताना दिवस तुटतात आणि तिथेच भत्ता जातो. कामगाराचे 0.75 टक्के कापले जातात, मालकाचे 3.25. कपात फक्त पगारपत्रकात बघू नका, ईएसआयच्या खात्यात दिवस चढलेत का ते तपासा.

गंगापूर रोड

एवढं सगळं वाचून धोरणाबद्दल लिहावंसं वाटलं. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी आरोग्यखर्च 2025 पर्यंत जीडीपीच्या 2.5 टक्क्यांवर न्यायचं आणि राज्यांनी अर्थसंकल्पाचे 8 टक्के द्यायचे, असं लिहिलं आहे. ते झालेलं नाही. लोकांच्या खिशातून जाणारा वाटा सरकारी हिशेबात 2013-14 मधल्या 64.2 टक्क्यांवरून 2021-22 मध्ये 39.4 वर आला, ही सुधारणा खरी आहे. पण प्रत्येक सरकारला विम्याची रक्कम वाढवणं सोपं जातं, कारण ‘5 लाख’ हा आकडा फलकावर मावतो. पॅकेजचे दर वेळेवर सुधारणं आणि रुग्णालयांना पैसे वेळेत देणं फलकावर मावत नाही. दर कमी राहिले की मोठी रुग्णालयं बाहेर राहतात, आणि आत असलेल्यांपैकी काही जण ‘वरचे’ मागतात. आरोग्यमित्रांनी लिहिलेल्या त्या चाळीस हजारांचं मूळ इथे आहे.

दुसरं, केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट (रुग्णालयांच्या नोंदणीचा आणि नियमनाचा) कायदा महाराष्ट्राने घेतलेलाच नाही. आपल्याकडे नर्सिंग होम नोंदणीचा जुना कायदा आणि त्याचे 2021 चे नियम आहेत. त्यात रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. बिलासाठी मृतदेह अडवता येत नाही, हेही त्यात आहे. दर किती असावेत यावर मात्र काहीच बंधन नाही. राजकीय ताकद लावायची तर इथे लावावी, नुसती रक्कम वाढवून घेण्यात नाही.

सरकारी रुग्णालयांकडेही बघा. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत आहे. शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय त्यातच येतं. सुरगाणा-पेठहून 108 मध्ये निघालेल्या रुग्णाला नेमकं कुठे न्यायचं, हे गाडीत बसतानाच ठरलं तर पुढचा निम्मा खर्च वाचतो.

आरोग्यमित्र, नाशिक

108 चा मुद्दा बरोबर आहे. त्यात एक भर: गाडीतूनच योजनेच्या नंबरवर फोन करून विचारा की या आजारासाठी जवळचं अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालय कोणतं. फक्त ‘तुमच्याकडे योजना आहे का’ असं विचारू नका. रुग्णालय हाडांसाठी योजनेत असतं, हृदयासाठी नसतं, असं नेहमी होतं.

दाव्यांच्या टेबलावरून

राहिलं होतं ते. दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. नाशिकसाठी पुण्याचं कार्यालय. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्ष मुदत. फी नाही, वकील लागत नाही. सोबत नकाराचं पत्र, पॉलिसीची सगळी पानं, इनडोअर केसपेपरची (भरती असतानाच्या नोंदींची) प्रत आणि तपशीलवार बिल जोडा. इनडोअर केसपेपर रुग्णालयाकडे लेखी मागितले की 72 तासांत द्यावे लागतात.